तेलमिलचं पाणी आणि काळी माती

मुलांनो, तेव्हा मी आर्वीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. गावाबाहेरच्या मिलमध्ये पामतेल शुद्ध करत आणि तिथलं तेलकट, कुबट पाणी नाल्यात सोडत. ते माझ्या शेजारणीच्या शेतातल्या विहिरीत झिरपू लागलं होतं.

मी तिच्याच शेतातली काळी माती वाळवून कुटली आणि बरणीभर त्या पाण्यात ढवळली. माती तेल घेऊन तळाशी बसली, वर नितळ पाणी राहिलं. "बाई, माही विहीर वाचली," ती म्हणाली.

मग आम्ही दोघींनी नाल्यात मातीचा जाड आडवा थर घातला, पाणी त्यातून गाळून जावं म्हणून. पण माती भिजून फुगली, घट्ट बसली. अडलेलं पाणी तिसऱ्या दिवशी काठ फोडून सरळ विहिरीत उतरलं.

"भिजली का काळी माती फुगतेच, बाई."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमी शिकल्या-सवरल्या. मले वाटलं, तुमच्या हातानं येगळी वागन."

भाजलेली माती फुगत नाही, ती घालून पाहू, असं मी सुचवलं. तिने विहिरीवरचा दोर सोडून गुंडाळला आणि घरी नेला. त्या विहिरीचं पाणी पुन्हा कुणी प्यायलं नाही.