पाठमोरे आप्पा

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या सांगलीच्या कॉलेजात पुण्याहून एक चित्रकार मॅडम इलस्ट्रेशन शिकवायला आल्या. लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं हाच त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी आमचे कागद चाळले आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे फोनमधली माणसं काढता. समोर उभा असलेला माणूस कधी बघणार?" मग सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयाची सहल ठरली.

आमचं गाव आष्ट्याजवळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त होऊन ऊस बघत होते. मुलीनं चित्रकलेला जावं हे त्यांना कधी पुरतं पटलं नव्हतं. सहलीचं विचारल्यावर म्हणाले, "तितं काय असतंय?"

"जुनी चित्रं, आप्पा."

"मग मी बी येतो."

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसले. मागं पोरांची गाणी सुरू झाली की त्यांची मान जराशी वळायची आणि गाणं आपोआप बारीक व्हायचं. मला वेगळीच भीती होती. तिथं एका दालनात न्हाणाऱ्या बाईचं मोठं चित्र आहे, अंगावर चिंधीही नाही, असं वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं. आप्पांना त्या दालनात जाऊच द्यायचं नाही, असं मी वाटेतलं विटा गाव सोडतानाच ठरवलं.

दारातच मॅडमनी काम सांगितलं. "चित्रांची नक्कल नको. चित्र बघणारा माणूस काढा. आणि त्याला कळू देऊ नका. कळलं की माणूस अवघडतो."

पॅड काढून मी वर बघितलं, तर आप्पा जागेवर नव्हते. शोधत गेले आणि दालनाच्या दारातच थबकले. आप्पा नेमके त्याच चित्रासमोर उभे होते. डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांनी पाठीमागं धरलेली. पाय पलीकडच्या दाराकडं वळलेले, मान मात्र चित्राकडं. कोपऱ्यातली दोन पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. हाक मारून आप्पांना पुढं न्यावं, असं मनात आलं. पण हात पेन्सिलीकडं गेला. रेघ कधी नव्हे इतकी सरळ येत होती; समोरच्या चित्रातली बाईही चार रेघांत आली.

दुपारी झाडाखाली सगळ्यांचे कागद मांडले. मॅडमनी माझा उचलून धरला. "हा माणूस बघा! जायला निघालाय, पण जाववत नाहीये. लाजही वाटतेय आणि बघायचंही आहे. हे सगळं नुसत्या पाठीतून दिसतंय."

मुलं हसली आणि एकदम गप्प झाली. आप्पा मागं येऊन उभे होते.

"ह्यो मी हाय," ते म्हणाले.

मॅडम गोंधळल्या. "हो... फार छान काढलंय तुमच्या मुलीनं."

"काढलं असंल. पर त्या बाईला तरी इचारून काढलं असंल की. मला कुनी इचारलं?"

"चूक माझी आहे. मीच तसं सांगितलं होतं."

"तुमी न्हाई. हिनं बोलावं."

कॉलेजात मी घरची बोली जिभेवर येऊ देत नसे. तेव्हा तीच आली. "आवं आप्पा, इचारलं आस्तं तर तुमी तितं थांबलाच नसता."

"न्हवतोच थांबनार," आप्पा म्हणाले आणि बसमध्ये जाऊन बसले.

घरी आल्यावर ते आईशी बोलायचे, गड्याशी बोलायचे, माझ्याशी नाही. मॅडमना तो कागद वार्षिक प्रदर्शनात हवा होता. मी त्यांना काहीच कळवलं नव्हतं. एका रविवारी गोठ्याकडं जाता जाता आप्पाच म्हणाले, "लावनार हायेत का त्यो कागद?"

"तुमी नगो म्हनला तर न्हाई."

"लाव. पर माजं नाव कुटं नगो."

प्रदर्शनाला आप्पा आले, पण सोबत धाकटे चुलतेही आले. चित्रापुढं येताच ते मोठ्यांदा म्हणाले, "दादा, ह्यो तू न्हवं? आन म्होरं उगडी बाई?"

आजूबाजूची माणसं वळली.

"व्हय, मीच हाय," आप्पा म्हणाले. "चित्र हाय ते. बगायलाच गेलतो."

चुलते हसत सुटले. आप्पा बाहेर कँटीनच्या बाकावर जाऊन बसले. मी चहा नेला, तर त्यांनी कप घेऊन तसाच बाजूला ठेवला.

"गावभर करंल आता त्यो."

"काडून टाकू का आप्पा?"

"आता काय काडतीस? ऱ्हाऊ दे."

चुलत्यांनी खरंच गावभर केलं. पुढं बरेच दिवस पारावर कुणी ना कुणी आप्पांना डिवचायचं.

मॅडमनी पुढच्या वर्षी मला एका पुस्तकाचं काम दिलं. त्यात एक निवृत्त फौजी हवा होता. या वेळी मी आधी विचारलं. "आप्पा, अर्धा तास बसशीला का माज्यापुडं?"

ते "न्हाई," म्हणाले आणि उसाला पाणी द्यायला निघून गेले.