जयराम कंडक्टरांचा पुलाअलीकडचा दिवस

हळर्णहून म्हापशाला जाणाऱ्या खाजगी बसवर जयरामभाऊ एकतीस वर्षं कंडक्टर होते. माझी कॉलेजची पाच वर्षं त्यांच्याच बसमध्ये गेली. बाजाराच्या शुक्रवारी आत पाय ठेवायला जागा नसायची, तरी कोण कुठे उतरणार आणि कुणाची पिशवी ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलीय हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं. कुणाची औषधं, कुणाच्या लेकीला धाडलेला फणस, सगळं पोचतं करायचे. एकदा कोलवाळला एक म्हातारी ओकारी काढायला उतरली आणि पार पलीकडच्या घरात पाणी मागायला गेली. बसमधले लोक ओरडत होते, पण ती परत येऊन बसेपर्यंत भाऊंनी शिट्टी मारली नाही.

मालकाने बस विकली आणि भाऊ घरी बसले. ते आणि विमलावहिनी, दोघंच. त्यांचा मुलगा देवेश सिंगापुरात एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. गेल्या वर्षी त्याने दोघांना महिनाभरासाठी बोलावून घेतलं. तिथल्या तिसऱ्या शनिवारी त्याने आणि सुनेने, सिद्धीने, बेत केला की सकाळी बसने पूल ओलांडून मलेशियात जायचं, काचेचं देऊळ बघायचं, जेवायचं आणि संध्याकाळी परत. तिकडचे लोक भाजी आणायलासुद्धा असे जातात म्हणे. वहिनींनी तरी पहाटे उठून चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरलीच.

पुलाअलीकडे सिंगापूरचा नाका आहे. तिथे सगळ्यांनी बसमधून उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, खाली जाऊन पुढची बस धरायची आणि पलीकडे मलेशियाच्या नाक्यावर पुन्हा तेच. देवेश-सिद्धी तिथे नोकरीला, त्यांच्यासाठी आपोआप उघडणारं दार होतं. आईबापांची रांग वेगळी.

"साहेबान सोडल्यार जिन्यान खाली येवा," देवेश म्हणाला. "बसच्या थांब्यार आमी थांबतव. थयसून हलू नकात."

भाऊ सुटले, पण वहिनींचा अंगठा यंत्रावर उमटेना. पुसून झाला, ओला करून झाला, दुसरा लावून झाला. भारतातून येताना विमानतळावर नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवर भागलं होतं. इथल्या अधिकारी बाईंनी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. भाऊ पाठोपाठ गेले. कुणी रागावलं नाही, पाणीही दिलं, पण फोन बंद ठेवायला सांगितलं आणि तास मोडला.

खाली थांब्यावर देवेश फोन लावून लावून थकला. एवढ्यात सुटणाऱ्या बसमध्ये सिद्धीला वहिनींसारखी हिरवी साडी दिसली. आईबाबा चुकून पुढे गेले, असं समजून दोघं धावत पुढच्या बसमध्ये चढले. पूल संपला तसं फोनचं नेटवर्कही संपलं, आणि पलीकडच्या नाक्यावर दोन तासांची रांग लागली होती.

भाऊ-वहिनी खाली आले तेव्हा थांब्यावर ओळखीचं कुणी नव्हतं. फोन लागेना.

"आता ओ?" वहिनी घाबरल्या. "आपण जावया बसमधून?"

"नाय," भाऊ म्हणाले. "चुकल्या माणसान जाग्यावरसून हलाचा नसता. शोधणारो थयच येता."

सिंगापुरातून बाहेर पडल्याची नोंद झालेली, मलेशियात शिरल्याची नाही. अशा जागी दोघं खांबाला टेकून उभे राहिले. सकाळची गर्दी ओसरल्यावर, थांब्यावर प्रवाशांच्या रांगा लावून देणाऱ्या एका म्हाताऱ्या तमिळ माणसाने त्यांना आपल्या टपरीमागचा बाक दिला. त्याला मराठी येत नव्हतं, भाऊंना तमिळ. तरी थोड्या वेळाने बस लागली तसे भाऊ उठले आणि एका आजीची चाकांची पिशवी वर चढवून आले. मग दुसऱ्या बसला एका बाईचं मूल धरलं. तमिळ म्हातारा हसून त्यांच्याकडे बोट दाखवत सोबत्यांना काहीतरी सांगत होता.

ते बाकावर परतले तर वहिनी रडत होत्या.

"माझ्या हातांपायी सगळ्यांचो दिवस फुकट गेलो."

"हातांक काय झाला?"

वहिनींनी तळवे पुढे केले. बोटांची टोकं गुळगुळीत होती, रेषाच नव्हत्या. बावीस वर्षं त्यांनी काजूच्या फॅक्टरीत बिया फोडल्या होत्या. टरफलातल्या तेलाने कातडी किती वेळा जळली आणि किती वेळा नवी आली, त्याला गणती नाही.

"रेशनच्या मशीनीवरय अंगठो उठणा नाय," त्या म्हणाल्या. "तीन-तीन फेरे मारतंय. कधी गर्दी नसली तर तो वहीत लिवन देता."

"कदीपासून?"

"दोन वर्सा झाली."

"माका सांगूक नाय ता?"

"आदी तुमी घराक होतास खय? मगे वाटला, आता कशाक."

भाऊंनी त्यांची बोटं हातात घेतली. अख्ख्या बसमधली माणसं ज्यांना पाठ होती, त्यांनी बायकोची बोटं इतक्या वर्षांत अशी हातात घेऊन पाहिलीच नव्हती. ती तशीच धरून ते बराच वेळ बसले. समोरून बसेस जात राहिल्या.

साडेबाराला फोन वाजला. देवेश पलीकडच्या एका दुकानदाराच्या फोनवरून बोलत होता. आवाज रडवेला.

"बाबा, खय आसास?"

"तू थांबाक सांगितलंस थय."

पलीकडून सिद्धीच्या हसण्याचा आणि रडण्याचा एकत्रच आवाज आला. देवेश म्हणाला, आत्ता निघतो. भाऊ म्हणाले, "गेलाच आसास तर देवळात जावन, जेवान येवा. आमची घाई नाय. आमी आता डबो उघडतव."

आणि खरोखरच त्यांनी डबा उघडला. चार चपात्या तमिळ म्हाताऱ्याला गेल्या. त्याने थर्मासमधली कॉफी दिली. वहिनी सांगतात, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण कामाच्या धबडग्यात दुपारचं जेवण दोघांनी असं निवांत कधी केलंच नव्हतं. चार वाजता देवेश-सिद्धी परतले. नाक्यावरच्या साहेबांनी भाऊ-वहिनींना उलट्या वाटेने परत सिंगापुरात घेतलं. मलेशिया राहिलाच. देवेशने पुढच्या शनिवारी पुन्हा जाऊया म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, त्यापेक्षा इथल्याच बाजारात फिरायला ने.

गावी आल्यावर रेशनला आता भाऊ जातात. परवा मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ही सगळी हकीगत वहिनींनी सोप्यावर बसून सांगितली. आत भाऊ आडाळीवर नारळ खवत होते. मध्येच वहिनींनी कान टवकारले.

"अवो, जाड कातू नकात! नारळाची सोय बारीक व्हयी."

"मगे तू ये," आतून आवाज आला.

"मी बोलत बसलंय."

"बस, बस," भाऊ म्हणाले, आणि आडाळीचा आवाज जरा हळू झाला.