रिझर्व्हचं पुस्तक आणि निळी दस्ती

"मॅडम, पुस्तक न्हाई. नुसती दस्ती हाय," वर्षा म्हणाली.

मी कपाटापाशी गेले. सांख्यिकीच्या पुस्तकाच्या जागी निळ्या चौकड्यांची दस्ती, म्हणजे हातरुमाल, नीट घडी घालून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी वर्षाचा बॅकलॉगचा पेपर होता. आधी दोनदा गेलेला. आता गेला तर कॉलेज बंद, असं बोरीला तिच्या घरी ठरलेलं. आणि लायब्ररीत त्या पुस्तकाची कॉपी एकच.

मी जिंतूरच्या एका कॉलेजात लायब्रेरियन आहे. कॉपी एक आणि वाचणारे ढीगभर असले की आम्ही पुस्तक 'रिझर्व्ह'ला ठेवतो. म्हणजे ते लायब्ररीतच बसून वाचायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. लायब्ररी बंद होताना एकाला रात्रीपुरतं घरी मिळतं, सकाळी परत आणायच्या बोलीवर. त्या दिवशी ती पाळी वर्षाची होती.

कपाटावर मी पाटी लावली होती, 'राखीव पुस्तके'. तिथंच घोळ झाला. राखीव म्हणजे काय ते आमच्या पोरांना एसटीने शिकवलंय. खिडकीतून दस्ती टाकली की सीट आपली. आठवडाभरात कपाटात जिकडेतिकडे दस्त्या. एका पठ्ठ्याने पुस्तकावर चप्पल ठेवली.

"दस्ती न्हाई मॅडम माझ्याकडं," तो वर तोंड करून म्हणाला.

मी चप्पल खिडकीबाहेर फेकली. तो लंगडत आणायला गेला, तेवढ्यात पुस्तक दुसऱ्याने घेतलं.

पण दस्ती ठेवून पुस्तकच पळवायचं, ही तऱ्हा नवीन होती. आम्ही टेबलांखाली पाहिलं, कपाटांमागे पाहिलं. शेवटी मी प्राचार्यांकडे गेले.

"सापडेल की. घाई काय आहे?"

"सर, पोरीचा पेपर उद्या आहे."

"मग उद्या सापडेल."

माझं डोकंच फिरलं. दस्ती पर्समध्ये कोंबली, लायब्ररीला कुलूप ठोकलं. मी परभणीला राहते आणि परभणीची गाडी बोरीवरूनच जाते, म्हणून आम्ही दोघी एकत्रच स्टँडवर आलो.

गाडी लागली. रेटारेटी करत आत शिरलो. एकच सीट रिकामी होती. तिच्यावर सांख्यिकीचं पुस्तक होतं, वर माझ्याच हाताने मारलेला लाल शिक्का.

"कुणाचं हे?" मी ओरडले.

"ती सीट धरलेली आहे," खिडकीखालून आवाज आला. चहाचा कप घेऊन अर्थशास्त्राचे जाधव सर उभे होते. हे पुस्तक वर्गात वाचायला सांगणारे तेच.

"सर, हे बाहेर न्यायचं नसतं."

"मी फुकट नाही आणलं मॅडम. दस्ती ठेवून आणलंय."

"आणि सीटवर पुस्तक कशाला?"

"दस्ती तुमच्या कपाटात. मग मी सीटवर टाकू काय?"

मी पुस्तक वर्षाच्या हातात दिलं आणि तिला त्याच सीटवर बसवलं. सर वर चढले तेव्हा ती वाचायलाही लागली होती. सर बोरीपर्यंत दांडा धरून उभे राहिले आणि वरून, धक्के खात, तिला प्रमाण विचलन समजावत राहिले. वर्गात शिकवतात त्यापेक्षा बरं शिकवलं, असं ती मला नंतर म्हणाली.

वर्षा पास झाली. निकालाच्या दिवशी मी चहाला गेले होते. परत आले तर टेबलावर एक दस्ती आणि दस्तीखाली पेढे. लायब्ररीत पोरं खच्चून भरलेली, पण एकाही पेढ्याला कुणी हात लावला नव्हता.

सरांची निळी दस्ती मी परत दिलीच नाही. संध्याकाळी जाताना ती रिझर्व्हच्या कपाटावर टाकून जाते. कपाटाला कुलूप लावायचं मी आता सोडून दिलंय.