हात काढ, मामा!

नगरच्या माणसाला चांदबिबीचा महाल बघितलाय का, असं कोणी विचारत नाही. बघितलेलाच असतो. शाळेची पहिली सहल तिथं, लग्न ठरलेली जोडपी तिथं, पाहुणे आले की त्यांना घेऊन पुन्हा तिथंच. शहराच्या पूर्वेला डोंगराच्या माथ्यावर तो असा बसलाय की कुठल्याही गच्चीवरून दिसतो. मला मात्र विशी उलटेपर्यंत तो नुसता दिसतच होता.

मी तान्ही असताना तापाचं निमित्त झालं आणि डावा पाय गेला. उजव्यातही फारसा जीव राहिला नाही. पाचवीत आमची सहल महालावर गेली तेव्हा बस पायथ्याशी थांबली आणि पोरं हुंदडत डोंगर चढायला लागली. बाईंनी शिपायाला सांगितलं, हिला खांद्यावर घ्या. मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली ती सोडलीच नाही. ज्वारीच्या पोत्यासारखं कुणाच्या खांद्यावर लटकून मला महाल बघायचा नव्हता. ‘भारी हट्टी आहेस बाई,’ असं म्हणून बाई सगळ्यांचे डबे राखायला माझ्याजवळ ठेवून निघून गेल्या. खाली आल्यावर पोरी आठवडाभर एकच सांगत होत्या, वरून आख्खं नगर दिसतं, आख्खं!

मला उचलायची परवानगी एकाच माणसाला होती, मामाला. आईचा थोरला भाऊ. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून तो आमच्याकडेच राहायचा. मी लाडाची, म्हणून त्याला अरे-तुरेच करायचे. दिल्ली दरवाजाबाहेर आमची वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी त्याचं मोटारी रिवायंडिंगचं दुकान. शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन यायचे आणि हा दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळत बसायचा. सकाळी आधी मला पाठीवर घेऊन शाळेत सोडायचा, मग दुकान उघडायचा. त्याच्या मानेवरचे पांढरे केस मला आधी दिसले, त्याला स्वतःला फार नंतर कळलं. पुढं पुढं त्याला धाप लागायला लागली, तेव्हा मीच पाठीवर बसायचं बंद केलं. तो म्हणाला, ‘आता शिकलीस, मोठी झालीस, मामा नकोसा झाला व्हय?’ मी म्हटलं, ‘हो, झालास.’ खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी मुद्दाम पळत नेलं असतं.

मग एका शिबिरात मला हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल मिळाली. कॉलेज तिच्यावर झालं. नगर सपाट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ती सायकल एकदा चालवून बघावी. दर गल्लीला बारीकसा चढ असतो, हे पायांना कळत नाही, पण दंडांना बरोबर कळतं.

एके दिवशी मामा कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या भंगारातून एक मोटर घेऊन आला. कारखान्यात सामान वाहायला बॅटरीवरची छोटी गाडी असते, तिची मोटर. मला काही सांगितलं नाही. दिवाळीपासून ती दुकानात उघडी-नागडी पडलेली असायची. संक्रांतीच्या सुमाराला त्यानं माझी सायकल मागून घेतली, सीटखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या बसवल्या, उजव्या हाताशी एक दांडा लावला आणि वस्तीतल्या बुद्धविहारापुढच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. ‘बस,’ म्हणाला. मी बसले. ‘दांडा हळूच पुढं ढकल.’

मी ढकलला आणि गाडी चालायला लागली. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. नुसती जमीन मागं सरकायला लागली. मी पायडल न मारता नुसती बसले होते आणि तरीही पुढं चालले होते. विहाराला तीन चकरा मारल्या, चौथीला आई रडायला लागली, मग मलाही रडू आलं. मामा मात्र खाली वाकून तारा गरम झाल्यात का ते बघत होता.

कुठं जायचं, हे मला कुणी विचारायची गरज नव्हती. मी फक्त अट घातली. वरपर्यंत कुणाचा हात लागता कामा नये. कुणी ढकलायचं नाही.

‘जरा हात लावला तर झिजतीस का?’ आई म्हणाली.

‘झिजते,’ मी म्हटलं.

मामानं मान हलवली. त्याच्यासारखा माणूस एवढ्या पटकन कबूल होतो म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी निघालो. मी पुढं, मामा मागं त्याच्या सायकलवर. थंडी अशी होती की दांड्यावरचा हात बधिर झाला. सगळ्यात आधी दिल्ली दरवाजा लागला. या दरवाजाखालून मी रोज जायचे. पण हातानं पायडल मारताना मान खाली असते, नजर पुढच्या खड्ड्यावर असते. त्या दिवशी मला पायडल मारायचं नव्हतं, म्हणून मी मान वर केली. डोक्यावर एवढी उंच कमान, एकात एक अडकवलेले काळे दगड, त्यांच्या फटीतून उगवलेलं पिंपळाचं रोप. शेकडो वर्षं ते दगड तिथं होते आणि माझ्या जन्मात ते मला आज पहिल्यांदा दिसत होते. मी मधेच थांबले. मागून एक रिक्षावाला ओरडला, ‘ओ ताई, दरवाजा काय पळून चाललाय का?’ चालला नव्हता, पण माझं मन भरत नव्हतं.

बाजारातून जाताना सगळीकडे तसंच. दुकानांच्या वरती जुन्या खिडक्या होत्या, खिडक्यांना लाकडी महिरपी होत्या, एका मशिदीच्या कठड्यावर दगडातच जाळी विणलेली होती. खाली बांगड्या, स्टोव्ह, चपला, आणि वर हे सगळं. मी कुणाच्या घरात चोरून बघावं तशी बघत चालले होते. आवाज नसल्यामुळं लोकांना गाडी आलेली कळायची नाही. एक म्हातारा रस्त्यातच उभा होता, मी अगदी जवळ जाऊन ‘बाबा, सरका’ म्हटलं तर तो उडालाच.

किल्ल्याला आम्ही बाहेरून आख्खी चक्कर मारली. गोल किल्ला, एकामागून एक बुरूज, आणि भोवती खंदक. तो एवढा रुंद की पलीकडची म्हैस शेळीएवढी दिसत होती. दर बुरुजाला मला वाटायचं, आता संपला, आणि पुढं नवा बुरूज उभाच. किल्ला लष्कराच्या ताब्यात. दारावरच्या जवानानं आम्हाला थांबवलं. आता हा हाकलणार, असं वाटून मी भांडायच्या तयारीनं बसले. तर तो खाली वाकून चाकं बघायला लागला. ‘ये चलती किस पे है?’ मामानं छाती काढून सांगितलं, ‘बॅटरी पे. हमने बनायी.’ जवान म्हणाला, ‘कमाल है.’ मामा पुढं भिंगारपर्यंत तेवढंच घोळवत आला.

भिंगारच्या पुढं शहर संपलं. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी आणि समोर डोंगर. गच्चीवरून काड्यापेटीएवढा दिसणारा महाल आता मोठा व्हायला लागला. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर मामानं सायकल ठेवली. चढाला गाडी माणसाच्या चालीनंच जाणार होती, तेव्हा तो मागून चालत येणार होता.

पहिल्याच वळणावर माझ्या लक्षात आलं. गाडी कुरकुरत होती ती एकदम सुरळीत झाली. मागं वळून बघितलं तर याचे दोन्ही पंजे सीटच्या पाठीवर.

‘हात काढ, मामा!’

‘कुठं काय? धरलंय नुसतं. तोल जाईल.’

‘तीन चाकांच्या गाडीचा तोल जातो का? काढ म्हणते ना!’

त्यानं हात काढले, गाडी मंदावली, पण चालत राहिली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पुन्हा मी ओरडले. वरून एक टेम्पो उतरत आला. शनिशिंगणापूरचं दर्शन करून पाथर्डीकडं घरी चाललेली शेतकरी मंडळी, वाटेत महाल बघून निघालेली. आमचं भांडण बघून त्यांनी टेम्पो थांबवला. एक बाई डोकं बाहेर काढून म्हणाली, ‘पोरी, आमची मान्सं ढकलत्याल की. चार हात लागले तर चुटकीसरशी जाशील.’

‘नको. माझी मी जाईन.’

मी जरा जास्तच कडक बोलले असणार. बाई माझ्याकडं बघत राहिली, मग हसली. ‘बरं बाई, न्हाई ढकलत. तुझा डोंगर तुला लखलाभ!’ टेम्पो निघून गेला, आणि मामा एवढा हसला की त्याला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

निम्म्याच्या वर गेल्यावर तोच म्हणाला, ‘थांब जरा. बॅटरी लई तापली. घटकाभर निवू दे.’ मी बॅटरीच्या पेटीवर हात ठेवला. मला काही तापलेली वाटली नाही, पण मोटारीतलं मला काय कळतं? त्यानं चाकामागं एक धोंडा लावला आणि रस्त्याकडेला बसला. मी गाडीतच बसून खाली बघितलं.

पोरी खोटं बोलल्या नव्हत्या. आख्खं नगर होतं. झाडांच्या गर्दीत किल्ला एका हिरव्या परातीसारखा, त्याच्या पलीकडं घरांचा पसारा, मधेच घुमट, मिनार, टाकी, आणि सगळ्यांवर स्वयंपाकाच्या धुराचा पातळ थर. आमची वस्ती कुठं असेल ते मी शोधत राहिले आणि ती मला सापडली नाही. ज्या शहरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला माझे दंड भरून यायचे, ते सगळं शहर माझ्या तळहाताखाली मावत होतं. एवढं सुंदर आहे हे कुणी मला सांगितलं का नव्हतं, म्हणून मला आधी राग आला. मग तोही ओसरला. मी नुसती बघत बसले.

‘चल,’ मामा म्हणाला. ‘दगड काढतो, दांडा एकदम पुढं ढकल. आता मधी थांबू नको, थांबली तर परत उचलनार न्हाई. मी हाय मागं.’

त्यानं धोंडा काढला. मी दांडा ढकलला. गाडी आधी थरथरली, जागच्या जागी अडली आणि मग हळूहळू निघाली. खडा चढ होता. मोटर बारीक आवाजात कण्हत होती. मी पुढं झुकून बसले, जसा काही माझ्या झुकण्यानं भार कमी होणार होता. वळण आलं, महालाचे दगड आता वेगवेगळे दिसायला लागले. आणि एकदम गाडी हलकी झाली. कण्हणं थांबलं, चाकं भराभर फिरायला लागली.

माझं डोकंच फिरलं. एवढं सांगून, अगदी शेवटच्या टप्प्यात याला राहवलं नाही!

‘हात काढ, मामा!’

गाडी तशीच पळत राहिली.

‘मामा, हात काढ म्हणते, नाहीतर उडी मारीन!’

दांडा न सोडता मी जमेल तेवढी मान वळवली.

मागं कोणी नव्हतं.

रिकामा रस्ता होता, आणि वळणाच्याही पार खाली, जिथं त्यानं धोंडा काढला होता तिथंच मामा उभा होता. एक हात गुडघ्यावर टेकलेला. दुसऱ्या हातानं तो मला खुणावत होता, जा, जा, जा. इतका लहान मामा मी कधी बघितला नव्हता. बॅटरी का तापली होती ते मला त्या क्षणी कळलं.

मला भीती वाटली. सरळच सांगते, आनंदाच्या आधी भीती वाटली. थांबले असते तर गाडी पुन्हा उचलली नसती. मी दांडा धरून ठेवला. चढ सौम्य झाला होता एवढंच, म्हणून ती हलकी पळत होती. तशीच ती मला महालाच्या चौथऱ्यापर्यंत घेऊन गेली आणि मी दांडा मागं ओढला.

सीटला अडकवलेल्या कुबड्या काढून उभी राहिले. महाल केवढा होता! आठ बाजू, एकावर एक कमानी, आणि त्यांतून पूर्वेचं आभाळ पश्चिमेला आरपार चाललेलं. आत गेले. पाटीवर लिहिलं होतं की हा महाल नाहीच, चांदबिबीचाही नाही. निजामशाहीतल्या एका सरदाराची कबर आहे. मला हसू आलं, आणि ते हसू वर घुमटाला लागून माझ्यावरच परत आलं. पारवे उडाले. वारा कमानींतून येऊन माझ्या ओढणीशी खेळत होता. मी ‘बघ की’ म्हणून शेजारी वळले. शेजारी कोणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी मामाला मागं टाकून एखाद्या ठिकाणी एकटी पोचले होते.

मामा बऱ्याच वेळानं आला. चौथऱ्याच्या पायरीवर टेकला. मी त्याच्याजवळ बसले, पाण्याची बाटली दिली. छातीचा भाता जरा खाली बसल्यावर मी विचारलं, ‘खरं सांग, वळणावर ढकललं नाहीस ना?’

‘आगं, मी सोता चढू शकलो न्हाई, तुला कशानं ढकलतो?’

‘मग हाक का नाही मारलीस? मी थांबले असते.’

‘म्हनून तर न्हाई मारली.’ तो पुन्हा पाणी प्याला, बाटलीचं बूच हातातच फिरवत राहिला. ‘आन मी बघत हुतो. लहानपनापासनं तू माझ्या पाठीवर, न्हाईतर माझ्या हाताशी. तुला लांब जाताना म्या कधी बघितलंच न्हवतं.’

एवढं बोलून तो खालच्या शहराकडं बघायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो काढ म्हटलं नाही.