तिचे निळे बूट

आमची मुलगी घरात बूट काढत नसे. निळे, कापडी, एका बाजूला शिवण उसवलेले. जेवताना, गादीवर, अगदी देवघरासमोरसुद्धा ते तिच्या पायात असत. आंघोळीपुरते काढी, तेही न्हाणीघराच्या दाराशी, हात लांबवला की मिळतील असे. नेपाळहून आम्ही तिला दत्तक आणलं तेव्हा ती सात वर्षांची होती आणि नागपुरात मे महिना चालू होता. कूलरसमोर बसून आम्ही घामाने निथळायचो आणि ही बाई बुटांत. पायांना पुरळ उठलं. पावडर लावायला गेले तर माझ्या मनगटाला कडकडून चावली.

तिच्यासाठी आम्ही किती कार्यालयांचे उंबरे झिजवले ते सांगत बसत नाही. मला वाटलं होतं, एकदा मूल घरात आलं की सुटलो. नातेवाईक तर निर्धास्तच होते. नेपाळी म्हणजे आपलंच की, लिपीसुद्धा तीच, मग अवघड काय? लिपी तीच होती, खरं आहे. दुकानांच्या पाट्या ती पहिल्याच आठवड्यात वाचायला लागली. बोलायचंच नाही असं ठरवलेल्या पोरीला लिपी येऊन काय उपयोग? प्रताप नगरातली आमची शेजारीण दाराशी येऊन विचारून गेली, ‘‘चौकीदाराची पोट्टी आहे का वं?’’ सासूबाई आतून ओरडल्या, ‘‘माही नात आहे! अजून काही विचाराचं आहे का?’’ दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, मोठं पुण्याचं काम केलंत. पुण्य गेलं चुलीत, असं तोंडावर आलं होतं. मी त्यांना चहा दिला.

पोळ्या ती लपवायची. उशीच्या खोळीत, कपाटात फ्रॉकच्या खाली, एकदा चक्क माझ्या शिवणयंत्राच्या खणात. मुंग्यांची रांग लागली की आम्हाला पत्ता लागायचा. शाळा सुरू झाली तशी शाळेतून फोन यायला लागले. ‘‘मॅडम, ही दप्तर पाठीवरून उतरवूनच नाही राहिली. बाकावर पाठ टेकत नाही, नुसती टोकावर बसून राहते. आज बाजूच्या मुलीनं दप्तराला हात लावला तर तिला चावली.’’ समुपदेशक म्हणाल्या, वेळ द्या. वेळ द्या म्हणणाऱ्याचं काय जातं! माझे यजमान मौद्याच्या वीज केंद्रात पाळीत काम करतात. तेही घरी आल्यावर शांतपणे तेच म्हणायचे, होईल गं हळूहळू. त्यांच्या त्या शांतपणाचा मला इतका राग यायचा की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचे. हिला आम्ही नकोच आहोत, असं मला वाटायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, कधी कधी मला ती नकोशी वाटायची.

नेपाळमधल्या ज्या संस्थेतून तिला आणलं तिथल्या बाईंना मी एकदा फोन केला, बुटांबद्दल विचारायला. त्या म्हणाल्या, तुमच्याआधी एका कुटुंबाने तिला नेलं होतं. काही महिने ठेवली. जमलं नाही. एका सकाळी झोपेतून उठवून गाडीत घातली आणि परत आणून सोडली. पायांत काही नव्हतं.

हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं. त्या देवाची भांडी घासत होत्या. बराच वेळ तांब्याच घासत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘घालू दे वं बूट. देव काही म्हणत नाही.’’

पण शाळा म्हणत होती. बैलपोळ्याच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिकांनी बोलावलं आणि गोड शब्दांत सांगितलं की हे वर्ष तिला घरीच ठेवा, सुट्टीनंतर काय ते कळवा. मुलगी माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसली होती, दप्तरासकट. ‘घरी ठेवा’ तिला कळलं की इथेही आपल्याला ठेवणार नाहीत एवढंच कळलं, कोण जाणे. रस्ताभर ती माझ्या दोन पावलं मागे चालत होती. हात दिला नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या खोचतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडलं की ते काढायचे, घरभर, खोल्याखोल्यांतून फिरवायचे आणि ओरडत ओरडत वस्तीबाहेर नेऊन टाकायचे, म्हणजे घरातली सगळी पीडा मारबत, त्या दिवशी नागपुरात मिरवून जाळतात ती पुतळी, घेऊन जाते. सासूबाईंचं सगळं आयुष्य मौद्याकडच्या शेतीवाडीत गेलेलं. फ्लॅटमध्ये राहायला आल्या तरी हे त्यांनी सोडलं नाही. आमच्या घरची आणखी एक रीत आहे. रोगराई, माश्या, ढेकूण यांना हाकलून झालं की घरातल्या प्रत्येकाची पीडा नाव घेऊन सांगायची. वर्षभरात हसायचा एवढा एक सकाळचा कार्यक्रम असतो.

त्या सकाळी यजमान पाळीवर गेले होते. सासूबाई फांदी घेऊन पुढे, मी थाळी वाजवत मागे.

‘‘माही गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत! पोराची आम्लपित्ताची जळजळ घेऊन जा गे मारबत! सुनेचा राग घेऊन जा गे मारबत!’’

‘‘सुनेचा राहू द्या,’’ मी म्हटलं, ‘‘कामाला येतो.’’

त्या हसल्या. मुलीच्या खोलीशी आल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. ती पलंगावर बसून बघत होती. त्यांनी फांदी तिच्या डोक्यावरून, पायांवरून अलगद फिरवली.

‘‘नातीचे बूट घेऊन जा गे मारबत! लपवलेल्या पोळ्या घेऊन जा गे मारबत! चावणं घेऊन जा, पाठीवरचं दप्तर घेऊन जा गे मारबत!’’

मीही जोरात ओरडले. मनापासून ओरडले. इतक्या महिन्यांचं त्या एका ओरडण्यात निघालं. मला त्या पोरीच्या मनातली भीती जायला हवी होती, दुसरं काही नको होतं.

फांद्या कोपऱ्यावर टाकून आम्ही परत आलो. दुपारी तिला तान्ह्या पोळ्याला न्यायचं होतं. सासूबाईंनी तिच्यासाठी चाकांचा लाकडी बैल आणून ठेवला होता, पोरं असे बैल ओढत घरोघरी जातात आणि खाऊ मिळवतात. मी बैलाच्या शिंगांना झुरमुळ्या बांधायला बसले. हाक मारली. उत्तर नाही, ते नेहमीचंच. मग खोलीत जाऊन पाहिलं तर पलंग रिकामा, उशीची खोळ उलटी करून ठेवलेली, दार लोटलेलं.

मी गॅस बंद केला की नाही ते आजही आठवत नाही. जिन्यात ‘‘आई, पोरगी नाही’’ एवढं ओरडले आणि धावत सुटले. शेजारणीला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. डोक्यात एकच, कुणी तरी हिला गाडीत घालून नेलं. कोण नेणार होतं? पण तेच डोक्यात होतं.

ती कोपऱ्यावर होती. अख्ख्या वस्तीच्या फांद्यांचा तिथे ढीग पडला होता. ढिगावर तिने निळे बूट नीट जोडीने ठेवले होते. शेजारी दप्तर. त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत पोळ्या, कालची पुरणपोळीही, कडेने चावलेली. आणि ती पलीकडे उभी. अनवाणी. उघड्या गिट्टीवर, पुरळाचे डाग असलेले ते पांढुरके पाय एकमेकांवर ठेवून.

मला बघून तिने ढिगाकडे बोट दाखवलं. सगळं टाकलंय ना, तपासून घे, असं. मग तोंडातल्या तोंडात म्हणाली, मराठीत, माझ्याशी पहिल्यांदाच,

‘‘आता राहू?’’

मी खालीच बसले. हो, हो, म्हणत राहिले. बूट उचलले, तिच्या पायाला खडे टोचत होते, दुसरं काही सुचलं नाही, आणि तिचा एक पाय मांडीवर घेऊन बूट चढवला. तशी ती किंचाळली. असं किंचाळणं मी कधी ऐकलं नव्हतं. बूट घालतेय म्हणजे परत पाठवतेय, असं तिला वाटलं, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी घाईने तो काढायला गेले, तर तिने दोन्ही हातांनी तो पायाशी घट्ट धरला. काढते म्हणजे मागच्या वेळेसारखं अनवाणी पाठवते.

मागून सासूबाई धापा टाकत आल्या आणि गिट्टीवर आमच्याजवळ बसल्या, गुडघेदुखी तशीच घेऊन. ‘‘सांग ना वं तिले,’’ त्या म्हणाल्या. मी सांगत होते. राहायचं, बाळा, इथेच राहायचं. एक बूट तिच्या पायात होता, दुसरा माझ्या हातात. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातातल्या बुटाकडे बघत होती.