शिक्का त्याचा, वेल्डिंग दुसऱ्याचं

गाडी उंच करून, मोठी चाकं लावून डोंगर तुडवायचे म्हटलं की जाणकार सांगत, "शाफ्ट मिस्त्रीकडेच बनवा." शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा. गाडी उंचावली की त्याचा कोन बदलतो, जुना अपुरा पडतो. मिस्त्री गाडी चाकांवर उभी करूनच माप घ्यायचा, पाइप अखंड वापरायचा आणि वर दम भरायचा, "पाण्यातून गाडी काढलीत की जॉइंटला ग्रीस भरा. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत!" काम पसंतीला उतरलं की मगच तो शाफ्टवर आपला शिक्का ठोकायचा.

पाठीच्या ऑपरेशनमुळे तो दोन महिने अंथरुणाला खिळला, तेव्हा वर्कशॉप साडूने सांभाळलं. वेल्डिंगचा पहिला धडा त्याला मिस्त्रीनेच हात धरून दिला होता.

मिस्त्री कामावर परतून आठवडा झाला नसेल, तोच जनावरांची डॉक्टरीणबाई दारात उभी. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यात मोडक्या शाफ्टचा तुकडा.

"चढावर तुटला, ब्रेकचा पाइप फाडून गेला. गाडी मागे खडकाला अडली म्हणून वाचले. तुमचा शिक्का बघून नेला होता हो मी!"

मिस्त्रीने रंग खरवडला. खाली दोन जुन्या पाइपांचा जोड. वेल्डिंगची ती घाईची, डावीकडे झुकलेली रेघ त्याने झोपेतही ओळखली असती.

"हे तुझं ना?" त्याने साडूला विचारलं.

"दादा, नवा पाइप येईना, गिऱ्हाईक थांबेना. तुमचंच नाव राखलं."

"नाव? अरे, जीव गेला असता बाईंचा! असे अजून किती?"

"आठ."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुला ठाऊक होतं?"

"धाकटी बहीण बोलली होती. तुमचं दुखणं, तिचा संसार... म्हटलं, निभावून जाईल."

साडूचा मिस्त्रीला संताप आला होता. हे मात्र वर्मी लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने साडूकडून किल्ली घेतली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. सात शाफ्ट परत आले, ते त्याने स्वतः कापले. आठवा गाडीसकट विकला गेला होता. कुणाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टरीणबाईला त्याने नवा शाफ्ट बसवून दिला. तिने तो दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घेतला. मिस्त्री बाजूला उभा राहिला, हात पुसत.