खानदानी ढ

"मॅडम, तुम्ही फक्त सही करा. बाकीचे कागद मी तयारच करून आणले," हेडमास्तर म्हणाले.

बाभुळगावला आमचं तपासणी शिबिर होतं. मी सरकारी दवाखान्यातली मानसशास्त्रज्ञ. लोकांना वाटतं, मी मनातलं ओळखते. खरं तर मी फॉर्म भरते. समोर नऊ वर्षांची रोशनी, जवळच्या बंजारा तांड्यावरची. तिसरीत असून तिला वाचता येत नव्हतं. मतिमंद असल्याचं सर्टिफिकेट मिळालं की हेडमास्तर तिला दूरच्या निवासी शाळेत पाठवणार होते. तिची आई शांताबाई दाराबाहेर उभी होती. पोरगी घरीच राहावी असं तिला वाटत होतं, पण तिला विचारतो कोण?

"खानदानीच ढ हायेत हे," हेडमास्तर म्हणाले. "हिच्या बापाले पाढे आले नाही, काकाले आले नाही. बियाणंच तसं, तर बोंड कुठून येईन?"

मी म्हटलं, तपासून बघू. बुद्ध्यांक म्हणजे आपल्या वयाच्या मुलांत हे मूल कुठं बसतं, त्याचा आकडा. शंभर म्हणजे सरासरी. सत्तरच्या खाली गेलं की सर्टिफिकेटचं बोलणं सुरू होतं.

पहिला प्रश्न: रेल्वेचं तिकीट हरवलं तर काय करशील?

"एसटीनं जाईन," रोशनी म्हणाली.

पुस्तकातलं उत्तर होतं, स्टेशन मास्तरला सांगेन. मी स्वतः रेल्वे बारावीनंतर पाहिली, पण पुस्तकाला त्याचं काय? शून्य.

मग ठोकळे. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रातल्यासारख्या चार नक्ष्या करायच्या, एकेक ठरलेल्या वेळात. नियम असा की मुलाच्या हातांकडे बघत राहायचं. माझ्यापुढे आधीच्या मुलांचे फॉर्म अर्धवट पडले होते. मी स्टॉपवॉच चालू करायचे, खाली बघून फॉर्म भरायचे आणि वेळ संपली की मान वर करायचे. दरवेळी ठोकळे डब्यात, रोशनीचे हात मांडीवर. मी लिहिलं, 'प्रयत्न करत नाही.' आकडा आला बासष्ट. हेडमास्तरांनी सहीसाठी स्वतःचा पेन काढला.

शांताबाई आत आली. पोरीला पहिला प्रश्न, "सामान जागेवर ठेवलं ना?"

"हो. चित्रासारखं केलं, मंग ठेवलं."

माझा हात थांबला. "केल्यावर परत काहून ठेवलं?"

"मीच शिकवलं मॅडम," शांताबाई म्हणाली. "परक्याच्या वस्तूले हात लावला, तर जशीच्या तशी ठेवून द्यायची. गावात काही हरवलं तर पयलं नाव आमच्या तांड्याचं येते."

मला लाज वाटली. पोरीनं चारही नक्ष्या केल्या असतील आणि मी चारही वेळा खाली बघत होते. परीक्षा तिची होती, नापास मी झाले होते.

फॉर्मवर आडवी रेघ मारली. जेवणानंतर चाचणीचा दुसरा संच काढला, ज्यात बोलावं लागत नाही आणि रेल्वेही येत नाही. शांताबाईनं पोरीला त्यांच्या गोरबोलीत समजावलं, झाल्यावर तसंच राहू दे, मॅडमला दाखव. या वेळी मी हातांवरून नजर हलवली नाही. आकडा सत्त्याण्णव. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी. त्या दिवशी तरी माझ्याहून बरीच.

"सर्टिफिकेट मिळणार नाही," मी सांगितलं. शांताबाई पोरीला जवळ ओढून रडू लागली.

हेडमास्तर मात्र हटेनात. "मंग तिले वाचता काहून येत नाही? मॅडम, हे वरून चालत आलं हाय. हिचा आजाही असाच होता."

"आजा तुम्हाला कसा माहीत?"

"त्याले माह्या वडिलांनी शिकवलं. याच शाळेत मास्तर होते ते."

"आणि बापाला, काकाला?"

"मीच."

ते जे बोलले ते त्यांच्याच कानी पडायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पेन खिशाला लावला, कागद गोळा केले आणि चहा न घेताच निघाले.

रक्तातून बरंच काही येतं, मी नाही म्हणत नाही. फक्त आता कुणी 'खानदानी ढ' म्हणून मूल आणलं, की मी आणणाऱ्याच्या खानदानाचीही चौकशी करते.